पुण्यातल्या फ्लॅटमधलं स्वयंपाकघर: आधी ओटा आखा, ट्रॉल्या नंतर

फ्लॅटचा ताबा मिळाला की बहुतेक घरांत सगळ्यात आधी ट्रॉलीवाला येतो. भिंती मोजतो, कॉम्प्युटरवर रंगीत चित्र काढून दाखवतो, आणि मग घरात चर्चा सुरू होते ती शटरच्या रंगाची. शटर दहा वर्षांनी सहज बदलता येतं. ओट्याची उंची, सिंकचा ड्रेन, चिमणीचं भोक, १६ अँपिअरचे पॉइंट मात्र फोडाफोडी केल्याशिवाय बदलत नाहीत. म्हणून आधी स्वयंपाकाचा क्रम पाहा, त्यावरून ओटा आखा, त्यानंतर पाणी, गॅस आणि वीज ठरवा. ट्रॉल्या सगळ्यात शेवटी.

मापं

बिल्डरच्या नकाशातलं माप वापरू नका. गिलावा आणि डॅडोच्या (ओट्यामागच्या भिंतीवरच्या) फरशा लागल्यावर ८ फुटांची खोली ७ फूट १० इंचांची होते, आणि हे दोन इंच फ्रिजच्या शेजारी नेमके नडतात. प्रत्येक भिंत जमिनीलगत, ओट्याच्या उंचीला आणि डोक्याच्या उंचीला अशी तीनदा मोजा आणि सगळ्यात लहान माप धरा. समोरासमोरच्या कोपऱ्यांमधली दोन्ही तिरकी मापंही घ्या. ती सारखी नसली तर खोली काटकोनात नाही, आणि ओट्याच्या दगडाची मागची कड त्या हिशेबाने कापावी लागेल.

कागदावर एवढं तरी हवं: खिडकीच्या उंबऱ्याची उंची आणि तिची दारं कुठे सरकतात, ड्राय बाल्कनीचं (स्वयंपाकघरालगतच्या धुण्याभांड्यांच्या बाल्कनीचं) दार कोणत्या बाजूला उघडतं, बीम आणि कॉलम, ड्रेनचं भोक, पाण्याचे पॉइंट, गॅसचा पाईप. हिंजवडी, वाकड, खराडीकडच्या बऱ्याच नव्या उंच इमारतींत भिंती विटांच्या नसून काँक्रीटच्या असतात. त्यात झिरी पाडून नवा पाईप किंवा वायर टाकता येत नाही, सळई कापली गेली तर ते इमारतीला धोक्याचं असतं. अशा घरात बिल्डरने दिलेले पॉइंटच आखणीचा पाया मानायचे, आणि जास्तीची वायर हवी असेल तर ती भिंतीवरून पट्टीत घ्यायची. जुन्या पेठांतल्या इमारतींत भिंती विटांच्या असल्या तरी ड्रेनची जागा हलवण्याआधी खालच्या मजल्यावर काय आहे ते पाहून घ्या.

सिंक आणि शेगडीच्या मधली मोकळी जागा

फ्रिज, सिंक आणि शेगडी यांचा त्रिकोण काढायची पद्धत १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात रूढ झाली. तीन बाजूंची बेरीज १३ ते २६ फूट असावी असा तो नियम. आपल्या ८ बाय ८ किंवा ८ बाय १० च्या स्वयंपाकघरात चालण्याचं अंतर मुळातच कमी असतं, त्यामुळे हा त्रिकोण जमला म्हणून स्वयंपाक सोपा होईलच असं नाही. आपल्याकडे चणचण असते ती हात चालवायला लागणाऱ्या सलग ओट्याची.

सकाळची पोळी-भाजी डोळ्यांसमोर आणा. कणकेची परात १४ इंच, पोळपाट १० ते ११ इंच, पोळ्यांचा डबा ८ ते ९ इंच. नुसती ही तीन भांडी शेजारी शेजारी ठेवली तरी ३२-३४ इंच गेले. त्यात दुसऱ्या शेगडीवर भाजी, आणि तिच्यासाठी चिरलेलं काहीतरी ताटात ठेवलेलं. म्हणून सिंक आणि शेगडी यांच्यामध्ये किमान ३६ इंच सलग मोकळा ओटा हवा. ४२ मिळाले तर दोघं मिळून काम करू शकतात. या पट्ट्यात मिक्सर, प्युरिफायर, मायक्रोवेव्ह, डब्यांची रांग काहीही कायमचं बसवायचं नाही. बाकी कुठेही तडजोड करा, या ३६ इंचांत करू नका.

शेगडीच्या दुसऱ्या बाजूला १४ ते १८ इंच हवेत, उतरवलेली कढई किंवा कुकर ठेवायला. शेगडी भिंतीला चिकटवली तर कढईचा दांडा भिंतीवर आपटतो, डॅडो तेलकट होतो आणि त्या बाजूचा हात आखडतो. खिडकीच्या अगदी समोर शेगडी असेल तर पावसाळ्यातला वारा ज्योत हलवत राहतो आणि गॅस वाया जातो. खिडकी सिंकसमोर आली तर उत्तम.

१० फुटांच्या एका सरळ ओट्याची वाटणी अशी बसते: धुतलेली भांडी निथळायला १८ इंच, सिंक २४, मोकळा ओटा ३६, तीन बर्नरची शेगडी २८, आणि तिच्यापलीकडे १४. बेरीज बरोबर १२० इंच. ओटा ८ फुटांचाच असेल तर निथळण्याची जागा सिंकच्या वर भिंतीवर न्या, दोन बर्नरची शेगडी घ्या. मोकळा पट्टा तेवढाच ठेवा.

एल आकारात सिंक एका हातावर आणि शेगडी दुसऱ्या हातावर येते. कोपऱ्यातल्या २४ बाय २४ इंचांत उभं राहून काम करता येत नाही, म्हणून मिक्सर आणि रोजचे डबे तिथे ठेवा. सिंक आणि शेगडी दोन्ही या कोपऱ्यापासून १२ इंच तरी लांब हवीत. पुण्यातल्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये बहुधा हाच आकार सोयीचा पडतो, कारण उरलेल्या दोन भिंतींपैकी एकीला ड्राय बाल्कनीचं दार असतं आणि दुसरीला फ्रिज.

समोरासमोर दोन ओटे घालायचे तर मधला रस्ता ४२ इंचांपेक्षा कमी नको. खोली ८ फूट रुंद असेल तर दोन्ही बाजूंना २४-२४ इंच देऊन मध्ये ४८ उरतात. ७ फुटांची असेल तर समोरचा ओटा १८ इंच खोल करा, म्हणजे ४२ राहतील. रस्ता ३६ वर आला की ट्रॉली उघडल्यावर मागे सरकायला जागा उरत नाही, आणि कुणी ओट्यापाशी उभं असेल तर दुसऱ्याला मागून जाता येत नाही. यू आकार ८ फुटांपेक्षा अरुंद खोलीत करूच नका. दोन कोपरे वाया जातात आणि आत उभं राहिलेल्याला कोंडल्यासारखं होतं.

फ्रिजचं दार काटकोनापेक्षा थोडं जास्त उघडलं तरच भाजीचा ट्रे बाहेर येतो. बिजागरीच्या बाजूला थेट भिंत असेल तर मध्ये ३-४ इंचांची पट्टी सोडा. फ्रिज आणि शेगडी शेजारी आणू नका. नाइलाज असेल तर मध्ये निदान १२ ते १५ इंच ओटा किंवा उभी फळी हवी. फ्रिजच्या एका बाजूला दूध-भाजी टेकवायला फूटभर जागा असावी, नाहीतर सगळं दाराला टेकून हातातच धरावं लागतं. फ्रिज जेवणाच्या टेबलाजवळ हॉलमध्ये ठेवला तरी चालतो, पाच-सहा पावलांच्या आत हवा इतकंच.

ओट्याची उंची

सगळ्या घरांना एकच ३३ इंच लावणं ही सर्रास होणारी चूक आहे. रोज सर्वांत जास्त वेळ जी व्यक्ती ओट्यापाशी असते तिने घरातल्या स्लिपर घालून सरळ उभं राहावं, कोपर काटकोनात दुमडावं, आणि जमिनीपासून कोपरापर्यंत मोजावं. त्यातून ४ ते ६ इंच वजा केले की ओट्याची उंची मिळते. ५ फूट उंचीच्या व्यक्तीचं कोपर साधारण ३८ इंचांवर असतं, म्हणजे ओटा ३२ ते ३४. ५ फूट ४ इंच असेल तर कोपर ४० च्या आसपास, ओटा ३४ ते ३६.

पण कणीक मळताना आणि पोळी लाटताना खांद्याचा जोर खाली लावावा लागतो, शिवाय पोळपाटाची स्वतःची उंचीही ओट्यावर चढते. ३४ इंचांवर पोळ्या लाटणारीचे खांदे वर उचललेले राहतात आणि मान दुखायला लागते. शक्य असेल तिथे २४ ते ३० इंच लांबीचा एक तुकडा ३ इंच खाली घ्या, किंवा ओट्याखालून बाहेर ओढायची मजबूत फळी करा. ती २८-२९ इंचांवर ठेवली तर खुर्चीवर बसूनही लाटता येतं. आजी स्वयंपाक करत असतील तर ही फळी करायलाच हवी.

शेगडीचंही तसंच. ओट्यावर ठेवायची शेगडी ४-५ इंच उंच असते, त्यावर कुकर ठेवला की आत डोकावायला टाचा उंचवाव्या लागतात. ओट्यात बसवायचा हॉब घेतला तर हा प्रश्न सुटतो. साधी शेगडीच वापरायची असेल तर ओटा ठरवलेल्या मर्यादेतल्या खालच्या आकड्याला धरा. घरात दोघं स्वयंपाक करतात आणि उंचीत बराच फरक आहे? मग ओटा कमी उंचीच्या व्यक्तीचा करा, उंच व्यक्तीने दीड-दोन इंच जाड पाट घेऊन चिरावं. उलटं करता येत नाही.

माप नेहमी तयार फरशीपासून घ्यायचं. जुन्या फरशीवर नवी फरशी बसवणार असाल तर जमीन इंच-दीड इंचाने वर येते आणि ओटा तेवढाच बुटका होतो. गवंड्याला उंची तोंडी सांगून भागत नाही, भिंतीवर पेन्सिलने रेघ मारून द्या. आणि ओट्याच्या खाली पायांसाठी ४ इंच उंच, ३ इंच खोल खाच ठेवायला सांगा. ती नसेल तर पायाची बोटं शटरला अडतात, माणूस मागे उभा राहतो, आणि दिवसभर कमरेतून वाकून काम करतो. कंबरदुखीचं हे कारण कुणाच्या लक्षातच येत नाही.

दगड आणि सिंक

काळा किंवा गडद ग्रॅनाइट, १६ ते १८ मिमी जाड, खाली कडप्प्याचा आधार: रोजच्या फोडणीच्या घरात हेच सगळ्यात निर्धास्त. संगमरवर लिंबू, चिंच, कोकम यांनी खरवडल्यासारखा होतो. क्वार्ट्झमध्ये राळ असते, त्यावर तापलेली कढई थेट ठेवली तर डाग पडतो किंवा तडा जातो. फार फिकट रंगावर हळद दिसते.

दगड बसवताना तीन गोष्टी समोर उभं राहून पाहा. सिंकच्या दिशेने अगदी हलका उतार आहे ना. पुढच्या कडेच्या खालच्या बाजूला बारीक खाच मारली आहे ना, कारण ती नसेल तर पाणी कडेवरून आत वळतं आणि शटरची वरची कड फुगते. आणि दगडाचा जोड सिंकच्या किंवा हॉबच्या कापावर तर येत नाही ना. तिथे आधीच दोन-तीन इंचांची पट्टी उरलेली असते, जोड आला तर ती तुटते. हॉब घरात येऊन त्याचा कागदी साचा हातात पडल्याशिवाय भोक कापू देऊ नका.

सिंक २४ बाय १८ इंचांचं, एकाच भांड्याचं घ्या. दोन लहान भांड्यांच्या सिंकमध्ये परातही बसत नाही आणि पाच लिटरचा कुकरही आडवा होत नाही. खोली ८ ते ९ इंच. १० इंचांचं सिंक दुकानात छान दिसतं, पण भांडी धुताना हात ओट्याच्या नव्हे तर सिंकच्या तळाच्या उंचीला काम करतात. बुटक्या व्यक्तीला खोल सिंक म्हणजे रोजचं वाकणं. स्टील ३०४ दर्जाचं आहे याची बिलावर नोंद घ्या. लोहचुंबक लावून ३०४ आणि २०२ यांतला फरक कळत नाही, दोन्हीला तो जवळपास चिकटत नाही.

पाणी आणि ड्राय बाल्कनी

भांडी घासायला मावशी येत असतील तर ड्राय बाल्कनीतच उभ्याने घासता येईल असं सिंक किंवा मोरीचा ओटा करा, उंची ३० ते ३२ इंच. जमिनीवरच्या मोरीत दोन घरांची, चार घरांची भांडी बसून घासणाऱ्या बाईचे गुडघे जातात. तिथे भांड्यांचा ढीग गेला की आतला ओटाही मोकळा राहतो. वॉशिंग मशीनला साधारण २४ बाय २४ इंच आणि मागे पाईपसाठी दोन-तीन इंच लागतात. ते ठेवून उभं राहायला जागा उरते का, हे आधी जमिनीवर आखून पाहा. ड्राय बाल्कनीची फरशी उखडू नका. खालचं वॉटरप्रूफिंग फुटलं की गळती खालच्या घराच्या छतावर दिसते आणि ती दुरुस्त करणं फार जिकिरीचं काम आहे.

प्युरिफायर घेण्याआधी पाण्याचा टीडीएस, म्हणजे त्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, मोजून घ्या. धरणाचं महापालिकेचं पाणी आणि टँकर किंवा बोअरवेलचं पाणी यांत मोठा फरक असतो, आणि बऱ्याच सोसायट्यांत उन्हाळ्यात दोन्ही मिसळून येतं. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याची टीडीएसची स्वीकार्य मर्यादा ५०० मिग्रॅ प्रतिलिटर आहे. तुमचं पाणी वर्षभर त्याच्या बरंच खाली असेल तर यूव्ही (अतिनील किरणांनी जंतू मारणारं) प्युरिफायर पुरतं. आरओ (बारीक पडद्यातून गाळून क्षार काढणारं) लागणारच असेल तर त्याचं वाया जाणारं पाणी सिंकच्या ड्रेनमध्ये न सोडता ड्राय बाल्कनीतल्या बादलीत नेणारी नळी आत्ताच आखा, फरशी पुसायला ते चालतं.

भांडी धुण्याचं मशीन आज नको असलं तरी सिंकच्या शेजारी ६० सेंमी रुंदीचा एक खण राखून ठेवा. ओट्याच्या दगडाखाली निदान ८२ ते ८३ सेंमी मोकळी उंची लागते, म्हणजे ओटा ३४ इंचांचा असावा लागतो. ३२ इंचांच्या ओट्याखाली नेहमीचं मोठं मशीन जात नाही. नळ, ड्रेन आणि १६ अँपिअरचा पॉइंट त्या खणात नव्हे, शेजारच्या सिंकखालच्या खणात द्या. मशीनच्या मागे पॉइंट गेला तर प्लग काढायला अख्खं मशीन ओढावं लागतं.

गॅस

एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. त्यामुळे सिलिंडरच्या खणाला जमिनीलगत जाळी हवी. पाईपने येणारा नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका, तो वर चढतो, त्याला वरच्या बाजूला वाट हवी. पुण्यात महाराष्ट्र नॅचरल गॅसची जोडणी अनेक भागांत पोचली आहे. तुमच्या सोसायटीत ती येणार असेल तर खणाला वर आणि खाली दोन्हीकडे जाळ्या ठेवून मोकळे व्हा. पाईप गॅसचा मीटर आणि झडप बंद कपाटात दडवू नका, हात लगेच पोचला पाहिजे. जोडणी बदलताना शेगडीचे जेटही (गॅस सोडणाऱ्या बारीक तोट्या) बदलावे लागतात, ते अधिकृत माणसाकडूनच.

१४.२ किलोच्या सिलिंडरचा व्यास साडेबारा इंचांच्या आसपास, उंची २५ इंच, वर रेग्युलेटर. खण आतून १५ इंच तरी रुंद हवा, आणि त्याला प्लायचा तळ नको, सिलिंडर थेट फरशीवर उभा राहावा. तळ घातला की ३२ इंचांच्या ओट्याखाली रेग्युलेटर लावायला हात जात नाही. सुरक्षा नळी जास्तीत जास्त दीड मीटर आणि पाच वर्षांनी बदलायची. म्हणून सिलिंडरचा खण शेगडीच्या अगदी खाली न ठेवता तिच्या शेजारच्या खणात ठेवा. दोन खण लांब गेला तर नळी ताणली जाते.

चिमणी

चिमणी शेगडीइतकी तरी रुंद हवी. शेगडीपासून उंची २६ ते ३० इंच, नेमका आकडा त्या मॉडेलच्या पुस्तिकेतला. धूर बाहेर नेणारा पाईप ६ इंच व्यासाचा, शक्यतो १० फुटांच्या आत, आणि त्याला दोनपेक्षा जास्त वळणं नकोत. प्रत्येक वळणाला ओढ कमी होते आणि तेल तिथेच साचतं. पाईपचं तोंड ड्राय बाल्कनीत काढलं तर वाळत घातलेल्या कपड्यांना लसणाच्या फोडणीचा वास येतो. ते बाहेरच्या भिंतीतूनच काढा. त्यासाठी सोसायटीची परवानगी लागते, आणि काँक्रीटच्या भिंतीला हातोड्याने नव्हे तर कोअर कटिंगने (गोल पात्याच्या यंत्राने) भोक पाडावं लागतं. तेही सळई टाळून. हवा गाळून परत घरातच सोडणाऱ्या चिमण्या आपल्या फोडणीला पुरत नाहीत.

वीज आणि उजेड

फ्रिज, मायक्रोवेव्ह किंवा ओव्हन, इंडक्शन, भांड्यांचं मशीन यांना प्रत्येकी वेगळा १६ अँपिअरचा पॉइंट. चिमणी आणि प्युरिफायरला ६ अँपिअर पुरतो. ओट्यावर दोन जोड-पॉइंट, एक मिक्सरच्या कोपऱ्यात आणि एक मोकळ्या पट्ट्याच्या टोकाला. बोर्ड ओट्यापासून ८-९ इंच वर, सिंकच्या शिंतोड्यांपासून दोन फूट लांब. शेगडीच्या मागे बोर्ड कधीच नको. तिकडे हात नेताना बाही पेटते. घरघंटी घेण्याचा विचार असेल तर तिचा पॉइंट ड्राय बाल्कनीत टाका, आवाज आणि पीठ दोन्ही बाहेर राहतात. स्वयंपाकघराच्या सर्किटला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) असल्याची खात्री इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या.

छताच्या मधोमध असलेला दिवा तुमच्या पाठीमागून येतो आणि चिरताना सावली नेमकी सुरीवर पडते. वरच्या कपाटांच्या तळाला, पुढच्या कडेलगत एलईडी पट्टी लावा. खर्च थोडा, उपयोग रोजचा.

साठवण

आता ट्रॉल्या. त्याआधी घरातली सगळी भांडी जमिनीवर मांडून तीन ढीग करा: रोजची, आठवड्याची, सणाची. रोजचं सगळं गुडघा आणि डोळे यांच्या मध्ये, आणि जिथे वापरायचं तिथेच. मिसळणाचा डबा, तेल आणि चमचे शेगडीच्या हाताशी. ताटं-वाट्या सिंकच्या जवळ, म्हणजे धुतल्यावर दोन पावलांत लागतात. मोदकपात्र, पुरणयंत्र, दिवाळीचा सोऱ्या आणि मोठी पातेली माळ्यावर किंवा एलच्या कोपऱ्यात.

तारेच्या ट्रॉल्या साधारण १५, १७, १९, २१ इंच रुंद, २० इंच खोल आणि ४, ६, ८ इंच उंच अशा मापांत तयार मिळतात. वर ४ इंची चमचे-सुऱ्यांची, मध्ये ६ इंची वाट्या-ताटांची, खाली ८ इंची पातेल्यांची हा क्रम बसतो. कुकर मात्र झाकण आणि शिट्टीसकट मोजा, बऱ्याचदा तो ८ इंची ट्रॉलीत वरच्या ट्रॉलीला अडतो. वाट्या आणि लहान झाकणं तारेतून कलंडतात, तिथे सपाट पत्र्याची ट्रॉली घ्या. सिंकखाली ट्रॉली करूच नका, साधं शटर ठेवा. प्लंबरला आत हात घालता यायला हवा.

वर्षाचे गहू-तांदूळ भरणाऱ्या घरांनी वेगळा हिशेब करावा. ५० किलो गव्हाला ६५ लिटरच्या आसपास जागा लागते, म्हणजे १६ इंच व्यासाची आणि २० इंच उंचीची कोठी. ट्रॉलीची चॅनेल (ट्रॉली जिच्यावर सरकते ती पट्टी) बहुधा ३५ किंवा ४५ किलोची असते. पिंप चॅनेलवर ठेवलं की सहा महिन्यांत ती वाकते. एक खण तळाशिवाय आणि ट्रॉलीशिवाय, फरशीवर पिंप सरकवता येईल असा ठेवा, भिंतीपासून दोन इंच सोडून. पावसाळ्यात भिंतीची ओल धान्याला लागत नाही.

वरची कपाटं १२ ते १४ इंच खोल, ओट्यापासून २० इंचांवर सुरू होणारी. त्यापेक्षा खोल केली तर डोकं आपटतं. ५ फूट उंचीच्या व्यक्तीला पावणेसहा फुटांवरची फळी रोज वापरता येत नाही, तिथे आठवड्यातून एकदा लागणाऱ्या वस्तू ठेवा.

प्लाय आयएस ७१० चा (पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा) शिक्का असलेला घ्या, निदान ओट्याखालच्या भागात. आयएस ३०३ चा प्लाय वरच्या कपाटांना चालतो. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड (लाकडाचा भुसा दाबून केलेले) पुण्याच्या चार महिन्यांच्या दमट हवेत सिंकजवळ फुगतातच. प्लाय-लॅमिनेटसाठी भवानी पेठेतलं टिंबर मार्केट, बिजागऱ्या-चॅनेलसाठी रविवार पेठेतली बोहरी आळी, वायर-दिव्यांसाठी तपकीर गल्ली. तिथे भाव विचारून ठेवले की कोटेशनमधला कोणता आकडा फुगवलेला आहे ते कळतं.

कचऱ्याच्या दोन बादल्यांची जागाही आखणीतच धरा. ओला आणि सुका वेगळा द्यावाच लागतो, आणि ऐनवेळी बादली कुठे ठेवायची हे न सुचल्याने ती मोकळ्या ओट्याखालीच पायात येते. ओल्याची लहान बादली सिंकखाली, सुक्याची मोठी ड्राय बाल्कनीत. देवघर स्वयंपाकघरात असेल तर सिंक आणि शेगडी दोन्हीपासून लांबच्या भिंतीवर. पूर्वेकडे तोंड करून स्वयंपाक हवा असेल तर शेगडीची बाजू आधी ठरवा आणि ३६ इंचांचा पट्टा तिच्यापासून सिंककडे मोजा. बहुतेक घरांत दोन्ही जमतं.

कामाला हात लावण्याआधी आणि नंतर

आराखडा झाला की जमिनीवर खडूने ओटा आखा, सिंक-शेगडीच्या जागी खोकी ठेवा, आणि त्या रेघांमध्ये उभं राहून एका जेवणाची सगळी हालचाल करून पाहा. फ्रिजचं दार उघडून उभे राहा, ट्रॉली ओढल्यासारखे वाका, घरातल्या दुसऱ्या कुणाला मागून जायला सांगा. अडचण इथेच कळते. सोसायटीची परवानगी आणि कामाच्या वेळा आधी घेऊन ठेवा. मग क्रम असा: प्लंबिंग आणि ड्रेन, वीज, चिमणीचं भोक, ओट्याचे आधार आणि दगड, डॅडो, रंग, सुतारकाम, आणि शेवटी चिमणी-शेगडी. डॅडोच्या सांध्यांत शेगडीमागे तरी इपॉक्सी भरा, साध्या सिमेंटच्या सांध्यातली हळद निघत नाही.

सुताराला बोलावण्याआधी सिंक काठोकाठ भरून बूच एकदम काढा आणि खाली बॅटरी मारून प्रत्येक जोड कोरड्या कागदाने टिपा. ओट्यावर तांब्याभर पाणी ओता, ते सिंककडे जातं की भिंतीकडे ते पाहा. भिंतीकडे गेलं तर दगड उचलून पुन्हा बसवायला लावा आणि तोवर गवंड्याचा शेवटचा हप्ता देऊ नका. ट्रॉल्या लागल्यावर हे काम कुणीच करून देत नाही.